यंत्राला शिस्त हवी

(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली, त्यामागे लोखंडे यांची अनेक वर्षांची खटपट होती. पण त्याच्या सहा वर्षे आधी, सप्टेंबर १८८४ मध्ये, परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या वतीने एक निवेदन तयार झाले. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, या चार मागण्यांची चर्चा पुष्कळ होते. पाचवी मागे पडते. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती.

आजचे व्याख्यान या पाचव्या मागणीबद्दल आहे.

ती मागणी कायद्यात उतरायला १९२३ साल उजाडले. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. पुढे १९४४ मध्ये प्राध्यापक बी. पी. अदारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपले ईएसआय, आला. हे सगळे मोलाचे आहे. पण हे सगळे अपघात झाल्यानंतरचे आहे. १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली असे धरायचे, त्याचा तो तक्ता. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, करंगळी गेली तर ७. तर्जनीच्या तीन पेरांपैकी एकच पेर गेले तर ९. हा तक्ता एकदा तरी वाचावा. गेलेल्या बोटाचा हिशेब आपल्या समाजाने इतका बारकाईने मांडून ठेवला आहे. ते बोट जाऊच नये याचा हिशेब मात्र आपण तेवढ्या बारकाईने मांडलेला नाही.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. अपघात टाळण्याचे काम कामगाराच्या सावधपणावर सोपवून चालत नाही. ते यंत्राच्या रचनेत, कामाच्या पद्धतीत आणि मालकाच्या निर्णयात आधीच झालेले असावे लागते. आणि धोका दिसला की काम थांबवण्याचा अधिकार त्या धोक्याच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावा लागतो.

आपण एका यंत्राजवळ जाऊ. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड, कोणत्याही औद्योगिक पट्ट्यातल्या लहान शेडमध्ये पॉवर प्रेस दिसतो. मोटारगाड्यांचे ब्रॅकेट, क्लिपा, बिजागऱ्या, वॉशर असे पत्र्याचे हजारो सुटे भाग त्यावर तयार होतात. वर एक जड फ्लायव्हील सतत फिरत असते. ऑपरेटर पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, पायाने पॅडल दाबतो, क्लच लागतो, रॅम खाली येतो, पत्रा कापला किंवा वाकवला जातो, रॅम वर जातो आणि ऑपरेटर तयार जॉब हाताने काढून दुसरा तुकडा ठेवतो. मिनिटाला दहा जॉब धरले तर तासाला सहाशे होतात, आणि बारा तासांच्या पाळीत सात हजारांहून अधिक. म्हणजे एका पाळीत त्या माणसाचा हात सात हजार वेळा पंच आणि डाय यांच्या मध्ये जाऊन परत येतो. शेवटच्या तासातली हालचाल पहिल्या तासातल्या इतकीच अचूक व्हावी लागते. एवढे अवधान सलग टिकवणे कोणत्याही माणसाला जमणार नाही. तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

जुन्या प्रेसमध्ये आणखी एक गोष्ट असते. त्याचा क्लच पिनचा किंवा किल्लीचा असतो. एकदा पिन लागली की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये थांबवता येत नाही. ती पिन झिजली, किंवा तिची स्प्रिंग तुटली, की पॅडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. ऑपरेटर तेव्हा जॉब काढत असतो. त्याने काहीही चूक केलेली नसते. सगळे सांगितल्याप्रमाणे केलेले असते, आणि तरीही बोटे जातात.

यावरचे उपाय जुने आहेत आणि सर्वांना ठाऊक आहेत. डायभोवती असा गार्ड बसवायचा की पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. जॉब काढायला चिमटा, चुंबक किंवा हवेचा झोत वापरायचा. पॅडलऐवजी एकमेकांपासून लांब असलेली दोन बटणे द्यायची, म्हणजे दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम हलणार नाही. घर्षणाचा, हवेवर चालणारा क्लच असेल तर समोर लाइट कर्टन लावायचा, म्हणजे हात आत गेला की किरण तुटतो आणि रॅम जागच्या जागी थांबतो. इथे एक बारकावा आहे, आणि खरेदी करणाऱ्यांनी तो नीट लक्षात घ्यावा. पिन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन लावून काही उपयोग नाही, कारण किरण तुटला तरी तो प्रेस थांबूच शकत नाही. तिथे पक्का गार्डच हवा. तसेच दोन बटणांपैकी एकाला चिकटपट्टी लावून ते दाबलेलेच ठेवले तर दुसऱ्या हाताचे संरक्षण गेले. म्हणून दर फेरीनंतर दोन्ही बटणे सुटल्याशिवाय पुढची फेरी सुरूच होणार नाही, अशी जोडणी करावी लागते.

आपल्या स्वयंपाकघरातल्या पुष्कळशा मिक्सरचे भांडे नीट अडकल्याशिवाय मिक्सर फिरत नाही. तिथे कोणी भिंतीवर ‘सावधान’ अशी पाटी लावत नाही. हजार-दोन हजारांच्या उपकरणात जी व्यवस्था आपण गृहीत धरतो, ती लाखो रुपयांच्या प्रेसवर नसावी याला कोणतेही कारण पुरेसे नाही.

मग ती का नसते? ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने ‘क्रश्ड’ नावाच्या अहवालमालेत वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील जखमी कामगारांच्या नोंदी ठेवल्या आहेत. सुरुवात हरियाणातील गुरुग्राम-मानेसर पट्ट्यापासून झाली आणि पुढे महाराष्ट्राचीही नोंद घेतली गेली. त्यातून उभे राहणारे चित्र सगळीकडे सारखेच आहे. जखमींमध्ये पॉवर प्रेसवरचे कामगार सर्वाधिक आहेत, पुष्कळ जण परप्रांतातून आलेले आणि ठेकेदाराकडचे आहेत, आणि हेल्पर म्हणून घेतलेल्या मुलाला प्रेसवर बसवलेले आहे. कामाचे तास कायद्याच्या मर्यादेबाहेर गेलेले आहेत. ईएसआयचे कार्ड अपघात झाल्यावर हातात आल्याची उदाहरणेही आहेत.

ही साखळी वरून खाली बघावी. वर मोठी वाहन कंपनी असते. तिच्या खाली पहिल्या फळीचा व्हेंडर, त्याच्या खाली दुसऱ्या फळीचा आणि सर्वांत खाली आठ-दहा माणसांची शेड. वरची कंपनी खालच्या शेडमधून आलेल्या क्लिपची जाडी मायक्रॉनमध्ये मोजते. दहा लाखांत किती नग सदोष निघाले, याचा पीपीएम दर महिन्याला मागते आणि तो वाढला तर ऑर्डर बंद करते. जिच्या हातात एवढी ताकद आहे, तिने त्याच तपासणीच्या यादीत गार्ड आहे का, क्लच कोणता आहे आणि या महिन्यात कोणाला इजा झाली, हे तीन प्रश्न घातले तर लहान शेडचे चित्र वर्षभरात बदलेल. इतर कोणत्याही उपायाला एवढा वेग नाही. कायद्याचा निरीक्षक वर्षानुवर्षे त्या शेडपर्यंत पोहोचत नाही, खरेदी विभागाचा माणूस मात्र दर महिन्याला तिथे जातो. शिवाय संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या सुरक्षाविषयक संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांऐवजी वीस कामगारांपासून सुरू होते. सर्वांत लहान शेड त्यामुळे कायद्यापासून आणखी दूर गेली आहे. अशा वेळी माल घेणाऱ्याची जबाबदारी वाढते.

आता छोट्या इजेपासून मोठ्या दुर्घटनेकडे वळतो, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईतला कोणी विसरलेला नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय नॉर्थ हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात कोसळला. त्याची सुरुवात दोन बोटांच्या टोकांपासून झाली. जवळच काम करणाऱ्या ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. हवामानामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आणले गेले. समुद्र खवळलेला होता आणि जहाजाच्या एका थ्रस्टरमध्ये बिघाड होता. स्वयंपाकी क्रेनने वर पोहोचला, पण त्यानंतर जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले आणि जहाजाच्या हेलिडेकचा फटका वायूच्या राइझरला, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या उभ्या नळीला, बसला. वायू सुटला, पेटला आणि दोन तासांच्या आत प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. २२ जणांचे प्राण गेले. ३६२ जण वाचवले गेले.

यात दोष कोणाचा, असे विचारले तर एक नाव पुढे येईल आणि फाइल बंद होईल. काय काय एकत्र आले, असे विचारले तर पुष्कळ काही हाती लागते. राइझर सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला, जहाजाच्या वाटेत का होते? आडोशाची क्रेन बंद असताना दुसऱ्या बाजूने जहाज आणायचे की नाही, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? थ्रस्टर साथ देत नाही हे कळल्यावर माघार घ्यायची मर्यादा आखून दिलेली होती का? जोखमीचे व्यवस्थापन याचा अर्थ हे प्रश्न शांत दिवशी, टेबलाशी बसून विचारणे. वादळात ते विचारायला वेळ मिळत नाही.

याच संदर्भात उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मचे उदाहरण द्यावे लागेल. ६ जुलै १९८८ ला तिथे १६७ माणसे मेली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी नुसती झाकणपट्टी लावलेली होती. रात्रीच्या पाळीला ही गोष्ट कळली नाही, कारण त्या कामाचे परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना, पंपाच्या परमिटसोबत नव्हते. दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हाच पंप सुरू केला. पाळी बदलताना एका कागदाची माहिती पुढे गेली नाही आणि त्यातून हे घडले. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या आणि ब्रिटनमधील समुद्री तेलउद्योगाची सुरक्षाव्यवस्था नव्याने उभी राहिली.

आपल्या कारखान्यांतही परमिट असते. अनेक ठिकाणी ते टेबलावरच भरले जाते आणि सही करणारा माणूस जागेवर जातच नाही. परमिटपेक्षा साधी आणि अधिक भरवशाची गोष्ट म्हणजे कुलूप. दुरुस्तीला उतरणाऱ्या प्रत्येक फिटरला त्याचे स्वतःचे कुलूप आणि एकच किल्ली द्यायची. यंत्राचा मुख्य स्विच बंद करून तो आपले कुलूप लावतो, त्यावर नावाचा टॅग अडकवतो आणि किल्ली खिशात ठेवून आत जातो. आत तिघे असतील तर स्विचच्या कडीवर तीन कुलपे दिसतात. दोघे बाहेर आले तरी तिसऱ्याचे कुलूप निघत नाही, तोवर जगातला कोणताही सुपरवायझर ते यंत्र सुरू करू शकत नाही. प्रत्येकाचा जीव त्याच्या स्वतःच्या खिशातल्या किल्लीत राहतो. या व्यवस्थेला मोठा खर्च नाही. लागतो तो दर वेळी दहा मिनिटांचा वेळ, आणि तो वेळ देण्याचा निर्णय मालकाने घ्यायचा असतो.

गटारे, टाक्या आणि सांडपाण्याच्या खड्ड्यांबाबतही हेच. आत विषारी वायू साचलेला असतो, पहिला माणूस बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उडी मारतो आणि तोही जातो. अशा बातम्या आपण वारंवार वाचतो. धाडस तिथे कामाला येत नाही. आत उतरण्याआधी वायू मोजणे, हवा खेळती ठेवणे, कंबरेला दोर आणि वर तिकाटणे असणे, एवढेच कामाला येते. आणि जिथे माणूस न उतरवता यंत्राने सफाई होऊ शकते, तिथे माणूस उतरवूच नये. माणसाने गटारात उतरू नये म्हणून २०१३ चा कायदाही आहे.

आगीच्या घटनांतही बाहेर पडण्याची वाट हाच प्रश्न असतो. मुळशी तालुक्यातील उरवडे येथे ७ जून २०२१ ला एका रासायनिक कारखान्यात आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ज्या खोलीत ज्वालाग्राही माल आहे, त्या खोलीत किती माणसे बसवायची आणि त्यांच्या पाठीमागे किती दारे ठेवायची, हे आग लागण्याच्या फार आधी ठरत असते.

भोपाळच्या वायुगळतीशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या कारखान्यातील मिथाइल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन द्रव होता. तो थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुऊन काढणारा स्क्रबर तयार नव्हता. त्या विभागातली माणसे कमी केलेली होती. यातला प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे घेतला गेला होता, काही खर्च वाचवण्यासाठी, आणि प्रत्येक वेळी दुसरी व्यवस्था आहेच असे गृहीत धरले गेले होते. त्या रात्री सगळ्या व्यवस्था एकदमच नव्हत्या. आणि मुळात इतका विषारी पदार्थ एवढ्या प्रमाणात साठवायचा कशाला, हा सर्वांत पहिला प्रश्न होता. ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश रसायन अभियंत्याने आयुष्यभर हेच सांगितले की साठाच कमी ठेवला तर गळण्याचा धोकाही कमी होतो.

भोपाळमध्ये इशारे मिळाले नव्हते असे नाही. कामगारांनी तक्रारी केल्या होत्या, डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनने एका कामगाराचा बळी गेला होता, राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये वर्तमानपत्रात धोक्याचे लेख लिहिले होते. इशारा देणारे होते, पण इशारा ऐकून काम थांबवण्याची सक्ती कोणावरही नव्हती. म्हणून १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखेच प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. कलम ४१-एच आले, आणि त्याने अशा कामगाराला जीविताला तातडीचा धोका वाटला तर तो थेट व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क दिला. कायदे बदलत राहतील, पण हा हक्क आपल्या समाजाने भोपाळची किंमत मोजून मिळवलेला आहे. तो प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत, कामावर रुजू होतानाच सांगितला पाहिजे. चाकणच्या शेडमध्ये काम करणारा मुलगा बिहारचा असेल तर तो हिंदीत किंवा भोजपुरीत सांगितला पाहिजे.

कारखान्याच्या दारात एक फलक असतो: अपघाताविना इतके दिवस. त्या फलकाबद्दल माझी विनंती आहे. आकडा वाढल्यावर बक्षीस देण्याची पद्धत बंद करावी. अशा बक्षिसामुळे इजा कमी होत नाहीत, इजेची नोंद कमी होते. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ ला स्फोट होऊन १५ जण मेले. घसरण्या-पडण्याच्या इजा मोजणारे आकडे तिथे चांगलेच होते. पण द्रवाची पातळी दाखवणारे उपकरण चुकीचा आकडा दाखवत होते, आणि मेलेले कंत्राटी कर्मचारी स्फोटाच्या शेजारीच ठेवलेल्या ट्रेलरमध्ये होते. म्हणून बक्षीस द्यायचेच तर थोडक्यात हुकलेले अपघात कळवणाऱ्याला द्यावे. प्रेसने दोनदा मारले पण हात वाचला, हे जो सांगतो त्याने पुढच्या माणसाची बोटे वाचवलेली असतात. त्याच दिवशी तो प्रेस बंद करून त्याचा क्लच उघडला, की पुढच्या वेळी दुसराही सांगतो. बंद केला नाही, तर पुन्हा कोणी सांगत नाही.

शेवटी काही आवाहने करतो. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांनी व्हेंडरच्या शेडमधील इजांचा आकडा पीपीएमच्या शेजारच्या रकान्यात मागावा. अभियांत्रिकीच्या शिक्षकांनी प्रेस शिकवताना त्याच्या टनेजबरोबर त्याचा गार्डही शिकवावा. कामगार संघटनांनी पगारवाढीच्या करारात काम थांबवण्याच्या हक्काचे कलम घालावे, आणि ते ठेकेदाराच्या माणसांनाही लागू करावे. पत्रकारांनी अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मृतांचा आकडा छापावा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथे जाऊन काय बदलले तेही छापावे. आणि या सभागृहात लहान कारखान्यांचे जे मालक बसले आहेत, त्यांना थेट सांगतो. तुमच्याकडे पिन क्लचचा प्रेस असेल तर उद्याच्या पहिल्या पाळीआधी त्याला गार्ड बसवा, आणि गार्ड बसेपर्यंत तो प्रेस बंद ठेवा.